कवळ्यांच्या खोलीतली झाडं

रविवारी भाऊजी जेवायला आले, दोन घास खाल्ले आणि "पोट भरलं" म्हणून हात धुवायला उठले. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. भाऊजींचं पोट दोन घासांत भरत नाही, हे मी चौतीस वर्षं बघत आले आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते कवळ्या बनवतात. दातांच्या एका दवाखान्याला लागून असलेल्या खोलीत पंचवीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. या महिन्याअखेर ती खोली बंद होणार आहे. डॉक्टरबाईंनी नवं यंत्र घेतलंय. तोंडात बोटाएवढा कॅमेरा फिरवायचा, माप संगणकात जातं आणि कवळी दुसऱ्या शहरातल्या कारखान्यातून तयार होऊन येते. बाई मनाने वाईट नाहीत. कवळ्या करायला शिकवणाऱ्या एका संस्थेत त्यांनीच भाऊजींचं नाव सुचवलं. तिथल्या मॅडमनी भाऊजींना एक तास शिकवून दाखवायला बोलावलं. तो तास कसा गेला ते पुढे येईलच, पण भाऊजी परत आले ते नकार ठरवूनच. मॅडमना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. उद्या शुक्रवार. सकाळी दहाला खोलीवर पोचलो की 'जमणार नाही' असं कळवून टाकतो, असं ते म्हणालेत.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी चौदा वर्षांचे होते आणि सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. दीर म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायची आणि केस विंचरले नाहीत म्हणून कानही धरायची. "अहो भाऊजी, नखं दाखवा बघू," असं म्हणणारी भावजय आमच्या गल्लीत मी एकटीच असेन. त्यांनी लग्न केलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहतात, रविवारी आमच्याकडे जेवतात. माझी लेक म्हणते, "आई, काका अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत, अठ्ठेचाळीस महिन्यांचे नाहीत." तिला काय जातंय बोलायला.

त्यांची ती खोली एकदा बघण्यासारखी आहे. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर छोटी शेगडी, गुलाबी मेणाचे पत्रे, बोटभर लांबीची पाती आणि कोरण्या. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर नंबर. कोपऱ्यात गरगर फिरणारं कापडी चाक, ज्यावर कवळीला चकाकी आणतात. सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. आणि या सगळ्यात विसंगत अशी एक मोठी खिडकी, दुपारभर उजेड घेणारी. त्या खिडकीत तीन फळ्या आणि फळ्यांवर झाडं. जाड, गुबगुबीत पानांची ती छोटी झाडं, ज्यांना सगळे सक्युलंट म्हणतात आणि ज्यांना काहीच करावं लागत नाही असं दुकानदार सांगतो.

सुरुवात झाली दवाखान्याच्या काउंटरवरून. तिथे कुणी भेट दिलेली पाच झाडं होती, कमळासारखी पानं रचलेली. काउंटरवरची मुलगी भारी कामसू. एकदा भाऊजी चहाचा कप ठेवायला गेले तर ती रडकुंडीला आलेली.

"पानं सुरकुतली म्हणून पाणी घालते, तर आणखीच सुरकुततात. रोज घालते हो काका, एक दिवस चुकवत नाही."

"तोच तर एक दिवस चुकवायचा होता," भाऊजी म्हणाले.

त्यांनी एक झाड बोटांनी अलगद उचललं. ते मुळांसकट यायला हवं होतं, आलं बिनमुळाचं. खाली काळा लगदा आणि कुबट वास. मुलगी नाकाला रुमाल लावून म्हणाली, "पण पानं तर तहानेनं सुकलीत ना?"

"तहानेनंच. पाण्यात उभं राहून तहानलंय. मुळं कुजली, आता पिणार कशानं? दात नसलेल्या माणसापुढे तू रोज नवं ताट वाढते आहेस."

"मग आता काय, याला कवळी बसवणार?"

"याला स्वतःची मुळं फुटतात. माणसापेक्षा नशीबवान आहे."

मेण कोरायच्या पात्याने त्यांनी खोडाचा कुजका भाग कापला. आत काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत, एकेक चकती. मग ते उघडं खोड चार दिवस सावलीत कागदावर ठेवलं. जखमेवर खपली धरली तेव्हा भरड, खडेदार, कोरड्या मातीवर नुसतं टेकवून ठेवलं. पाणी नाही. मुलीला ते बघवेना. ती भाऊजी जेवायला गेले की चोरून फवारा मारून यायची. भाऊजींनी फवाऱ्याची बाटलीच आपल्या टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. तीन आठवड्यांनी झाड उचलून त्यांनी तिला खालून दाखवलं. दोऱ्यासारखी पांढरी पाच-सहा मुळं. ती पोरगी इतकी ओरडली की आत खुर्चीत तोंड उघडून पडलेला पेशंट दचकून उठून बसला.

ही हकिगत मी भाऊजींच्या तोंडून ऐकली आणि घरी येऊन माझ्या जेडचं, म्हणजे तसल्याच जाड पानांच्या माझ्या झाडाचं, पाणी बंद केलं. काळजी करणाऱ्या बायकांचं असंच असतं, घातलं तर बदाबदा, नाहीतर थेंब नाही. दोन महिन्यांनी जेडची पानं पातळ, मऊ, फार वेळ धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी झाली. भाऊजी आले, पान दोन बोटांत दाबून बघितलं, एक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून बाहेर काढली. काडी कोरडी ठणठणीत.

"वहिनी, मी पाणी बेतानं घाला म्हटलं होतं. उपाशी मारा नव्हतं म्हटलं."

"तुमचंच ऐकून केलं सगळं."

"माझं कशाला ऐकता? पान दोन्हीकडे सारखंच सुरकुततं. पानाला विचारून काही कळत नाही, मातीला विचारायचं."

त्यांनी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवली, मग जाळीवर निथळत ठेवली. चौथ्या दिवशी पानं टणक झाली. खालची तीन-चार तशीच सुरकुतलेली राहिली तर मी पुन्हा घाबरले. "ती गेली," ते म्हणाले. "गळू द्या. तुम्ही शेंड्याकडे बघत जा." शेंड्याला मोहरीएवढी दोन पानं आली होती, मला दिसलीच नव्हती.

मग काय, षट्कर्णी झालं. कवळीचं माप द्यायला येणारी माणसं येताना कुंडी घेऊन येऊ लागली. भाऊजींनी पेशंटांची असतात तशीच कार्डं झाडांना केली: नंबर, तारीख, माती ओली की कोरडी, काय केलं. डॉक्टरबाई म्हणायच्या, "माझ्यापेक्षा तुमची ओपीडी जास्त चालते." आणि भाऊजी बोलायला लागले. आमच्या घरात 'हो', 'नाही' आणि 'पुरे' यांवर वर्षं काढणारा हा माणूस परक्या बायकांना खडसावायला लागला: "खिडकीतून उचलून टीव्हीवर कुणी ठेवलं याला? टीव्ही बघणार आहे का ते?"

आणि मग त्यांनी ती चूक केली, जी फक्त कवळ्या करणारा माणूसच करू शकतो.

या झाडांच्या मातीत प्यूमिस घालतात. प्यूमिस म्हणजे हलका, भोकाभोकांचा दगड. त्याचे वाटाण्याएवढे खडे मातीत मिसळले की पाणी साचत नाही. भाऊजींनी हे कुठेसं वाचलं आणि त्यांना हसूच आलं. कारण प्यूमिस तर त्यांच्या टेबलाखाली पोतंभर पडलेलं! कवळी घासायला ते रोज तेच वापरतात. फरक एवढाच, की त्यांचं प्यूमिस म्हणजे मैद्यासारखी भुकटी. त्यांनी ती भुकटी भरपूर मिसळून सव्वीस कुंड्या नव्याने भरल्या. सव्वीसही लोकांच्या.

पाच-सहा आठवड्यांत एकेक झाड सुरकुतायला लागलं. भाऊजींनी उजेड बदलला, जागा बदलल्या, पाणी कमी केलं, मग वाढवलं. काडी खुपसायला गेले तर शिरेना, मोडली. तेव्हा त्यांनी एक कुंडी फोडली. आत प्लास्टरचा साचा निघावा तसा घट्ट ढेकूळ. भुकटीने मातीतल्या सगळ्या फटी बुजवल्या होत्या. वरून घातलेलं पाणी ढेकळाच्या आणि कुंडीच्या मधून सरळ खाली पळून जात होतं, मधली मुळं ठार कोरडी.

त्या दिवशी ते ढेकूळ घेऊनच ते आमच्याकडे आले. आमचे हे म्हणाले, "अरे, झाडंच तर आहेत. लोक काय फाशी देतील?" भाऊजी म्हणाले, "पंचवीस वर्षं त्या भुकटीत हात घालतोय दादा. ओली झाली की कशी बसते ते मला माहीत नव्हतं का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी झाडं बादलीत भिजवून ढेकळं सोडवली, मुळं धुतली, बांधकामावरून भरड वाळू आणून चाळली आणि खडे तेवढे घेऊन पुन्हा लावली. तीन गेली, तेवीस राहिली. मग ते प्रत्येक मालकाच्या घरी गेले. पहिल्या चार घरांना मला सोबत नेलं, एकट्याने जायचा धीर नव्हता. पिशवीत ते फोडलेलं ढेकूळ. घरात शिरले की पायपुसण्याशेजारी खाली बसायचे, ढेकूळ वर्तमानपत्रावर ठेवायचे, त्यावर वाटीने पाणी ओतायचे आणि दाखवायचे: "हे बघा, असं बाजूने पळतं. मी घातलेली भुकटी. चूक माझी." ज्या आजीचं झाड मेलं होतं, तिने ढेकूळ बोटाने टोकरून बघितलं. मग म्हणाली, "माझी खालची कवळीही तुम्हीच केलीत ना? त्यात नाही ना असं काही घातलंत?" भाऊजींचे कान लाल झाले. आजीने जाताना दुसरी कुंडी हातात दिली. "हिलाही बरं वाटत नाहीये," म्हणाली.

एवढं सगळं निभावलेला माणूस त्या एका तासाने खचला.

त्या दिवसासाठी त्यांनी नवा शर्ट घेतला होता, चार पानं टिपणं काढली होती. चाळीस विद्यार्थी, समोर फळा, मॅडम मागच्या बाकावर. भाऊजी उभे राहिले, फळ्यावर 'कवळी' एवढं लिहिलं आणि वळले. पुढे तोंडातून शब्द फुटेना. टिपणं हातात होती, ती दिसेनात. अकरा मिनिटं. घड्याळ समोरच होतं, म्हणून त्यांना आकडा पक्का ठाऊक. कुणीतरी हसलं. ते "माफ करा" म्हणाले, खडू जागेवर ठेवला आणि बाहेर पडले. मॅडम मागे धावत आल्या, म्हणाल्या, होतं असं, घाई करू नका, शुक्रवारपर्यंत विचार करा. भाऊजींनी विचार केला नाही. त्यांनी खोलीतली झाडं मालकांना परत न्यायला सांगायला सुरुवात केली. "महिनाअखेर खिडकीच राहणार नाही," एवढंच म्हणत.

काल मी जेवण घेऊन त्यांच्या दवाखान्याशेजारच्या खोलीवर गेले. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कुणीतरी सलग बोलत होतं. मला वाटलं रेडिओ. आत बघते तर भाऊजी स्टुलावर बसलेले, आणि त्यांच्या टेबलाभोवती काउंटरवरची मुलगी, ती कवळीवाली आजी आणि झाडं न्यायला आलेल्या आणखी दोघी. भाऊजी मान खाली घालून एक खोड कापत होते आणि तोंड चालूच.

"कात्री नको. कात्री देठ चेपते. हे पातं धरा. असं नाही, पेन धरता तसं. आता काळं दिसतंय ना? मग थांबताय कशाला?"

"भाऊ, आणखी कापलं तर उरणार काय?" एक बाई.

"बोटाएवढं उरेल. बोटाला मुळं फुटत नाहीत, याला फुटतील. कापा."

आजीला काही दिसत नव्हतं तर त्यांनी तिला खिडकीकडे सरकवलं, पातं तिच्या हातात दिलं, तिची बोटं आपल्या बोटांनी नीट बसवली. मग "मास्तर कोण, मी की तुम्ही? कापा, कापा," म्हणत तिच्याकडून कापून घेतलं. मी दारात वीस मिनिटं उभी होते. ते एकदाही अडखळले नाहीत.

तेव्हा मला त्यांची शाळा आठवली. मास्तर सांगायचे, पोरगा उत्तराला उभा केला की खांब होतो, डोक्यात काही नाही. आणि घरी तोच पोरगा स्वयंपाकघरात माझ्या पायाशी बसून बिघडलेलं गजराचं घड्याळ खोलत, वर न बघता, मला अख्खा धडा सांगायचा. मी भाजी चिरता चिरता ऐकायची. हातात काम हवं, नजर कामावर हवी, माणसं चार-दोन आणि जवळ हवीत. उभं करून वर्गाकडे तोंड वळवलं की संपलं. बिचारे मास्तर पानालाच विचारत बसले, आणि इतकी वर्षं मीही.

बायका गेल्यावर मी डबा उघडला आणि म्हटलं, "भाऊजी, बसून शिकवा ना. असंच. टेबल मांडायचं, आठ-दहा पोरं भोवती."

"वर्गात मास्तर खाली बसला तर पोरं काय म्हणतील, वहिनी?"

"म्हणतील, बरं झालं, आता काहीतरी दिसेल."

ते हसले. खरंच हसले, रविवारपासून पहिल्यांदा. आणि जेवलेही, डबा चाटूनपुसून. पण मग हात पुसत म्हणाले, "मी जाऊन मॅडमना सांगू, की माझ्यापायी तुमच्या तासाची पद्धत बदला? अकरा मिनिटं तोंड शिवून उभा राहिलेला माणूस अटी घालणार? नको. हा विषय बंद. पुन्हा काढलात तर रविवारी येणार नाही."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्याला कळलं तर बोलणं टाकेल." लेकीला सांगितलं तर ती फोनवर किंचाळलीच. "आई, मध्ये पडू नकोस! माझ्या वसतिगृहात काय केलं होतंस आठवतं ना?" आठवतं. तिने दोन तास फोन उचलला नाही म्हणून मी वसतिगृहाच्या बाईंना फोन केला, त्यांनी पहारेकऱ्याला पाठवलं, आणि ही शांतपणे केस धूत होती. त्यावरून ती महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. माझ्या काळजीने लोकांची फजिती होते हे मला मान्य आहे. पण तेव्हा मला काही माहीत नव्हतं, नुसती भीती होती. आज मला माहीत आहे. वीस मिनिटं डोळ्यांनी बघितलंय.

डॉक्टरबाईंकडून मॅडमचा नंबर मघाशीच घेतला. मॅडम सव्वानऊला कामावर येतात. काय बोलायचं तेही ठरवलंय: चाळीस नकोत, दहा जण बोलवा. फळा नको. टेबल, मेण, दोन-चार साचे आणि एक स्टूल द्या, आणि पुन्हा एक तास द्या. घरचं माणूस म्हणून गळ घालत नाहीये, खात्री वाटली नाही तर आधी त्यांच्या खोलीवर येऊन दारात उभ्या राहा आणि ऐका. मग भाऊजींना फोन करून सांगणार, की मी हे केलंय, आता ओरडायचं तर ओरडा, पण मॅडमचं उत्तर येईपर्यंत नकार कळवू नका.

रविवारी ते आले नाहीत तर मी डबा घेऊन जाईन. सव्वानऊ ते दहा, पाऊण तास आहे माझ्याकडे. मी आधी मॅडमना फोन करणार.